त्यांना दिसत होतं

वसुधाताई गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा नुसतं रडू आलं. राग आला तो पाच दिवसांनी, आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या शोकसभेत. त्यांच्या कचेरीतले एक निवृत्त साहेब उठून म्हणाले, "आँखें न होते हुए भी वसुधाजी ने सारी उम्र काम किया." सगळ्यांच्या माना हलल्या. मी गप्प बसले... म्हणून आता लिहिते आहे.

त्यांना दिसत होतं. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही बदलीवर चंदीगडला आलो. सेक्टर २२ मध्ये आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या. ऐन तिशीत त्यांच्या बुबुळांवरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला. एका रेघेच्या तीन रेघा दिसायला लागल्या. चष्मे बदलून उपयोग होईना. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मापं घेऊन खास त्यांच्या डोळ्यांपुरत्या कडक लेन्स बनवून घेतल्या. पहिली जोडी टोचली, दुसरी सरकली, चौथी बसली. त्या संध्याकाळी गच्चीवरून समोरच्या डोंगरावरच्या कसौलीचा एकेक दिवा त्यांनी मला बोटाने दाखवला.

मग खात्याने त्यांना तपासणीला पाठवलं. त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली. डॉक्टर म्हणाले, "लेंस निकालकर पढ़िए. रूल में सिर्फ चश्मा लिखा है." लेन्स काढल्यावर तक्ताच दिसेना. वसुधाताईंनी विचारलं, "डॉक्टरसाहब, आपका चश्मा उतार दूँ, तो आप पढ़ लेंगे?" डॉक्टरांनी कागदावर 'अयोग्य' लिहिलं.

जिच्या रेघेवर इमारती उभ्या राहिल्या, ती बाई आठ वर्षं जावक टेबलावर पाकिटं चिकटवत बसली. अर्जांना एकच उत्तर यायचं: नियमात तरतूद नाही. मी एकदा म्हटलं, "ताई, सोडून द्या आता." त्या ताडकन म्हणाल्या, "का? चूक माझी आहे का?" पुढे एका नव्या इंजिनिअरने स्वतः त्यांच्यासमोर नकाशा ठेवला, त्यातली चूक त्यांनी पाच मिनिटांत काढली, आणि त्यांना नकाशांच्या कामावर परत घेतलं. तोवर ड्रॉइंगची टेबलं जाऊन कॉम्प्युटर आले होते. ताई निम्म्या वयाच्या पोरांबरोबर क्लासला बसून शिकल्या, आणि शेवटपर्यंत उत्तम काम केलं. पण ती आठ वर्षं कुणी परत दिली नाहीत, चुकलो असंही कुणी म्हटलं नाही. वर शोकसभेत त्यांना आंधळं ठरवून मोकळे झाले.

परवा त्यांची बहीण घर आवरायला आली म्हणून वर गेले. हात धुवायला बेसिनपाशी वळले, तर तळाशी पांढरा नॅपकिन अंथरलेला. लेन्स काढताना निसटली तर मोरीत जाऊ नये म्हणून ताई रोज तो अंथरायच्या. बहीण तो उचलायला पुढे झाली.

"राहू दे," मी म्हटलं. "मी स्वयंपाकघरात धुते."