इंजिनाचा साक्षीदार

एका तेलाच्या इंजिनाच्या बाजूनं साक्ष देऊन स्वतःची भाकरी घालवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला. आमच्या खाडीकाठच्या भातगिरणीवर तो मेस्त्री होता.

चाक फिरवण्याआधी तो रोज इंजिनावर पंजा ठेवून विचारायचा, "बरो आसस मा रे?" आवाज बदलला की गिरणी बंद. शेठ ओरडे. मेस्त्री म्हणे, "तो सांगता हा. तुमका ऐकूक येना नाय, माका येता." खंडेनवमीला इंजिनाला झेंडूची माळ आणि दिवसभर सुट्टी. कोंडा भरणाऱ्या राधाक्काला मात्र त्या दिवशीही झाडलोट असे. "यंत्राक सुट्टी आणि माका खराटो!" ती हसायची.

त्याच राधाक्काचा पदर इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेला. ती जागच्या जागी संपली. पट्ट्याला जाळी बसवा, असं मेस्त्रीनं शेठला तीनदा सांगितलं होतं. पंचनाम्यात मात्र शेठनं लिहवलं: इंजिन बिघडलं. पंच म्हणून माझीही सही आहे. कुणालाही न विचारता केलेली.

चौकशीत मेस्त्री उठला. कचेरीत तो शुद्ध बोले. "साहेब, इंजिन चांगलं होतं. जाळी नव्हती."

कारकून हसला. "इंजिनाचं वकीलपत्र घेतलंत काय?"

"घेतलं. त्याच्यावर आरोप आहे आणि त्याला तोंड नाही."

इंजिन तपासायचं ठरलं. त्याआधीच शेठनं ते फोडून भंगारात घातलं. राधाक्काच्या मुलांना काही मिळालं नाही. मेस्त्रीची नोकरी गेली.

पुढे तो बांद्याला सायकली दुरुस्त करी. एकदा मी त्याला बातमी वाचून दाखवली: परदेशात विचार करणारी यंत्रं घडवताहेत. हसेल वाटलं. त्याचा पाना थांबला.

"विचार करतली? मगे साक्षय देतली. तेंका बोलूचो हक्क कायद्यात घाला. इचारल्याशिवाय फोडूचा नाय, ह्यां पण घाला."

खिशात कामगार संघटनेची पत्रकं असलेला मी तडकलो. "आधी माणसांचे हक्क, मेस्त्री!"

"माणसाचाच सांगतंय रे. तां इंजिन बोलला असता, तर राधाक्का कोणामुळे मेली तां कळला असता."

गेल्या शिमग्यात मेस्त्री वारला.

वाचकहो, ती यंत्रं येतील. माणूस मेला की मालक त्यांच्याकडे बोट दाखवतील. तेव्हा तुम्हाला पंच म्हणून बोलावलं, तर माझ्यासारखी सही करू नका. आधी त्या यंत्राचं म्हणणं लिहून घ्या.