आईच्या बाजूचा पत्रा

अण्णांच्या पिकअपला गंज लागला तो आईच्या बाजूनं. आधी तिच्या दाराखालची कड फुगली, मग रंगाचे पोपडे सुटले, आणि एका पावसाळ्यानंतर तिच्या पायाखालचा पत्राच गेला. चालत्या गाडीतून खालचा रस्ता दिसायचा. आई म्हणायची, "बसल्या जागी वाट दिसती, काय वाईट हाय?" अण्णांना मात्र हसू यायचं नाही. त्यांनी भोकावर फळी टाकली. फळीही सरकायला लागली तेव्हा म्हणाले, "तू नको बसत जाऊ आता. पाय जाईल एखाद्या दिवशी."

ही गाडी त्यांनी अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी छावणीतल्या लिलावात घेतली होती. लष्करानं वापरून टाकलेली, परदेशी बनावटीची, बैलासारखी खांद्यात रुंद. मुकुंदवाडीतल्या आमच्या दारात ती उभी राहिली तेव्हा "हे धूड कशाला आणलं" म्हणून आईनं तोंड फुगवलं. पण मोसंबी घेऊन शहरात मंडीत जाताना अण्णांनी तिला शेजारी बसवलं आणि तिचं मत बदललं. आमच्या घरात सून नवऱ्याशेजारी बसत नसे. आजोबा ओसरीवर असले की आई त्या बाजूला फिरकायचीसुद्धा नाही. केबिनमध्ये मात्र दोघांपुरतीच जागा. तिथं कोण काय बोलणार? डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढून बसायची, पण बसायची. मंडीत तिचं काडीचंही काम नसायचं. तरी प्रत्येक खेपेला काहीतरी निमित्त काढायची. कधी सुई-दोरा, कधी जिरं.

दसऱ्याला गाडीची पूजा तिच्याकडं. हार, हळदीकुंकू, नारळ, सगळं यथासांग. घरात सोनं वाटून झालं की आपट्याची पानं घेऊन ती गाडीपुढं यायची. माणसाला सोनं हातात देतात, गाडीला हात कुठला? काचेच्या खाली, बॉनेटच्या वर, आत हवा यायला एक फट होती. त्या फटीत ती पानं सारायची, वरून अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, आणि फोडलेल्या नारळाचं पाणी. "घे बाई सोनं," असं गाडीला म्हणायची, "आन् यांना सुखरूप घेऊन ये." अण्णा बाजूला हात बांधून उभे असायचे, एक शब्द न बोलता. मला वाटायचं, त्यांना कंटाळा येतो.

फळी सरकली त्यानंतर अण्णा एकटेच मंडीत जायला लागले. आई फाटकापर्यंत जायची, गाडी वळणाआड गेली की माघारी फिरायची. सुई-दोरा मग त्यांना सांगून मागवायची, आणि ते हमखास चुकीचा रंग आणायचे. असं बरीच वर्षं चाललं, ते अण्णा जाईपर्यंत.

ते गेल्यावर दादा म्हणाला, गाडी भंगारात देऊ. माझंही तेच मत होतं. मी तर तोंडाची फटकळ. म्हटलं, "आई, त्यात लोखंड किती अन् गंज किती, ते देवालाच ठाऊक."

"ते मला सांगू नगंस," ती म्हणाली. "माझ्या बाजूचा पत्रा बसवून द्या. मला एकदा त्यात बसून शेतात जायचंय."

आयुष्यभरात तिनं मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. नाही कोण म्हणणार?

माझं सासर उस्मानपुऱ्यात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि अण्णांची गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. बॅटरी उतरली होती, म्हणून दादानं ती ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. आई माझ्याकडं राहायला आली, म्हणजे नावाला माझ्याकडं; दिवसभर बसायची दुकानातल्या स्टुलावर. हातोडी पडली की डोळे मिटायची.

"हळू मारा ना, भाऊ."

"माँजी, हळू मारून गंज जात नसतो."

चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं, नाहीतर वेल्डिंग धरत नाही. आमच्या गाडीत चांगला पत्रा लागता लागेना. मिस्त्रींनी खालचा सगळा भाग काढला, मग दाराचा खांब उघडला, तोही आतून खाल्लेला. म्हणाले, पाणी वरून उतरतंय. मग त्यांनी तारेचा आकडा करून काचेखालच्या फटीत घातला आणि ओढला.

काळा लगदा बाहेर आला. ओला, कुजलेला. त्यात तांदळाचे दाणे होते, हारांचे दोरे होते, आणि आपट्याची पानं. वरवरची तर अजून ओळखू यायची, जोडपानाच्या शिरांसकट. मिस्त्री ओढत राहिले आणि ते येत राहिलं. मी आईकडं बघायचं टाळलं.

"अण्णा पाटलांना मी बोललो होतो," मिस्त्री कौतुकानं सांगायला लागले. "ये पत्ते पानी पकडतात, ते सगळं माँजीच्या बाजूला उतरतं, नवा पत्रा टाकला तरी बी सडणार. एकदा काढून बी दिलं. मी बोललो, भाबीको समझाओ, पूजा टायरपाशी करा. तर म्हणले, जाने दो मिस्त्री, वर्षातून एकदा ती इतक्या मनानं करते, तिला कसं सांगू? लई जीव होता त्यांचा."

आई स्टुलावरून उठली. "त्यांना ठावं होतं?"

"व्हय माँजी. पहिल्यापासून."

तिनं लगद्यातलं एक पान उचललं, पदरानं पुसलं. "मला एकदा सांगायचं की. मी काय रुसले असते? पानं दुसरीकडं ठेवली असती." मग पान तळहातावर ठेवून म्हणाली, "आन् शेजारी बसले असते."

मला अण्णांचा राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला, आणि अजून पुरता गेलेला नाही. तिचं मन राखायच्या नादात त्यांनी तिची जागा घालवली. तिला त्यातलं काय हवं होतं, हे विचारलं कुणी?

मिस्त्रींनी काम मात्र झकास केलं. नवा पत्रा बसला, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईड मारलं, लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग दिला. जोड कुठं आहे ते बोटालाही कळत नव्हतं. दादानं आईला बसवून शेतापर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर ती म्हणाली, "चांगला झालाय पत्रा." पुन्हा बसायचं नाव काढलं नाही.

त्या दसऱ्याला पूजा वहिनीनं केली, टायरपाशी. आता हळदीकुंकू वाहायचं नाही म्हणून आई लांब उभी होती. सगळं झाल्यावर आपट्याचं एक पान घेऊन पुढं आली, आणि सवयीनं तिचा हात काचेखालच्या फटीकडं गेला. तिथून तो तिनं मागं घेतला. अण्णांच्या बाजूचं दार उघडलं, पान रिकाम्या सीटवर धरलं.

"हितं ठेवलं तर चालंल का?" तिनं विचारलं. "आता तरी सांगा."

दादा आणि मी तिथंच उभे होतो. पान बराच वेळ तिच्या हातातच होतं.