नवडा की एकडा?

रविवारी आमच्या सुरतच्या घरात एका बारशाचा जीव टांगणीला लागला होता... बारसं मात्र अमळनेरला होतं.

सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, धाकट्या भावाला मुलगी झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्याचा पाय प्लास्टरमध्ये! तेव्हा ठरलं असं, की पाच वाजता व्हिडिओ कॉल करायचा आणि आत्याने इथूनच नाव सांगायचं.

साडेचारला लॅपटॉप उघडला. इंटरनेट नाही.

लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स वापरतो. शाळेत मी संस्कृत शिकवतो आणि माझं संस्कृतशी जे आहे तेच लिनक्सशीही आहे... लोक आदराने मान डोलावतात आणि विषय बदलतात. वायफायचा डबा आदल्याच दिवशी नवीन बसवला होता. मी शाळेत असताना माणूस येऊन गेला आणि पासवर्ड कॅलेंडरवर लिहून गेला. इंग्रजी अक्षरांत जलसा, पुढे 923. मी टाकला. लिनक्सने पुन्हा पासवर्ड मागितला. पुन्हा टाकला... पुन्हा मागणी.

मग मी पाणिनीच्या सूत्रांएवढ्या त्रोटक आज्ञा टाइप करायला लागलो. नेटवर्क बंद केलं, चालू केलं. डबा बंद केला, चालू केला. केबल लावावी तर या बारीक लॅपटॉपला केबलचं भोकच नाही. तळमजल्यावरच्या आमच्या घरात मोबाइलला रेंजची एकच काडी येते. त्यावर बोलणं होतं, चेहरा दिसत नाही.

"अहो, ते तुमचं लिनक्स काढा आणि साधं काहीतरी टाका," सुनंदा पलंगावरून म्हणाली.

"पंधरा मिनिटांत?"

"मग माझ्या फोनवर तरी वायफाय लागतंय का बघा."

हे मला सुचायला हवं होतं. फोनवरही तोच पासवर्ड मोठ्याने म्हणत टाकला, तोच नकार! म्हणजे लिनक्स निर्दोष. दोष पासवर्डात... डबा बसवणाऱ्याला फोन लावला, तर तो उचलेना.

तेवढ्यात भावाचा फोन आला. पाहुणे खोळंबलेत, नाव सांगायला चुलत बहीण छायाला पाळण्याजवळ बसवू का? सुनंदा एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते, पण त्या क्षणी थेट अहिराणीत उतरली. "थांब रे भाऊ! नाव मीच ठेवसू!" फोन ठेवला आणि डोळे पुसले. मग मला म्हणाली, "ते कॅलेंडर इकडे आणा."

तिचं शिक्षण इथल्याच लिंबायत भागातल्या गुजराती शाळेत झालेलं. तिने एकदाच पाहिलं.

"हा नवडो कुठे आहे? एकडो आहे! गुजराती आकडे लिहिलेत त्याने. एक, दोन, तीन!"

गुजराती एक म्हणजे आपलाच १... इंग्रजी अक्षरांच्या मागे उभा राहिला म्हणून मी त्याला इंग्रजी 9 समजलो. तीस वर्षं मुलांसमोर फळ्यावर १ काढतोय मी! सौभाग्यवती नुसत्या हसल्या, ते जास्त लागलं.

जलसा 123. लिनक्सने निमूटपणे दार उघडलं.

पाच वाजून सात मिनिटांनी भावाने फोन पाळण्यात धरला. सुनंदा लॅपटॉपवर वाकून कुजबुजली, "कुर्रर्र... मुक्ता..." भावाच्या फोनचा आवाज पूर्ण मोठा होता. कानातलं नाव अख्ख्या गल्लीने ऐकलं. बाळाने दचकून भोकाड पसरलं आणि तिकडे टाळ्या पडल्या.

एवढ्यात तिकडच्या बायका ओरडल्या, "ओ दाजी, आत्याच्या पाठीत बुक्की कोण देणार?" नाव ठेवताना आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत. आता अमळनेरचे हात सुरतेपर्यंत कसे पोचणार?

मी हलकेच एक बुक्की दिली. "एवढीच?" असं म्हणत सुनंदा हसत होती आणि रडतही होती. मी दुसरी दिली आणि हात तिथेच राहू दिला.

आवाज तारेतून जातो, चेहराही जातो... पाठीवर हात ठेवायला मात्र कोणीतरी घरातच असावं लागतं. रविवारी ते काम माझ्या वाट्याला आलं, याचा आनंद अजून उतरलेला नाही.