शेणामागची चार माणसं

शेणावर काम करणाऱ्या माणसाकडे किस्से साचत जातात, कारण ते त्याला कुणी पुरे सांगूच देत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, आपण काय करता? मी खरं सांगतो. मग तो एक तर पान घेऊन पलीकडे सरकतो, नाहीतर जिलबी बाजूला ठेवून म्हणतो, "म्हणजे नेमकं काय?" हा दुसऱ्या जातीचा माणूस भेटला की माझी रात्र सत्कारणी लागते. तुम्ही दुसऱ्या जातीचे आहात असं धरून चालतो.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी मिरजेहून तंजावूरला एका प्रोजेक्टवर गेलो. विषय शेणकिडे! भातशेतात कोणते येतात, नारळीच्या बागेत कोणते, गायरानात कोणते, आणि जुन्या रानाचा एखादा तुकडा उरला असेल तर तिथं कोणते. काम सोपं. जमिनीत प्लास्टिकचा मग काठापर्यंत पुरायचा, वर काडीला शेणाची पुरचुंडी टांगायची. वासानं किडा येतो, मगात पडतो. सकाळी मोजायचं.

आम्ही चौघं. आमचे सर तमिळ, ठेंगणे, चष्मा कायम गळ्यात लोंबता. त्यांचा भुतांवर विश्वास नव्हता आणि माणसांवर त्याहून कमी. जीप चालवायला आरोग्यम, पापनाशमचा, गळ्यात क्रूस. तिसरी रुक्कू, म्हणजे रुक्मिणी, तंजावूरच्या जुन्या मराठी घरातली, सरांकडे पीएचडी करणारी. आणि चौथा मी. माझी मराठी ऐकून रुक्कू पहिल्याच दिवशी म्हणाली, "अण्णा, तुमी पेपरासारखं बोलता."

*

आमिषाचं शेण एकाच गाईचं हवं, म्हणजे तुलना खरी होते. रुक्कूच्या घरी एक गाय होती, म्हणून तिचीच नेमणूक झाली. पण तिकडची रीत अशी की पहाटे दारात शेणाचा सडा घालून त्यावर कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, काढायची. त्यासाठी रुक्कूच्या आईलाही तेच शेण लागे. रोज पहाटे गोठ्यात एका बाजूला विज्ञान उभं आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मी यायची वाट पाहणारी गृहिणी.

गाईवर त्याचा परिणाम झाला. आम्ही बादली घेऊन उभे राहिलो की ती आमच्याकडे टक लावून बघायची आणि काहीच करायची नाही. रुक्कूची आई आली की लगेच! शेवटी आईंनी तोड काढली. रोज त्यांनीच घ्यायचं आणि निम्मं आम्हाला द्यायचं. प्रोजेक्टच्या अहवालात शेवटी आभार मानलेत ना, त्यात पहिलं नाव त्यांचं आहे.

*

पापनाशमजवळ एका शेतकऱ्यानं तेव्हा नवे पैसे आल्यावर तीन संकरित गाई घेतल्या होत्या. घरावर डिशची छत्री, अंगणात मोपेड, गोठ्यात पंखा. म्हातारी गावठी गाय मात्र बाहेर चिंचेखाली. त्यानं आम्हाला मोठ्या हौसेनं बोलावलं आणि म्हणाला, वाटेल तेवढं शेण न्या.

गोठ्यामागं त्या तिघींचं शेण पडलेलं होतं. आधी वाटलं आजचं असेल. वर पातळ साय धरलेली, पण कुठंही एक भोक नाही, एक माशी नाही. चांगले शेणकिडे एका दिवसात पोवटा पोखरून मातीत नेतात. रुक्कूनं विचारलं, हे कधीचं? शेतकरी म्हणाला, मागच्या अमावास्येचं. चिंचेखालचं गावठी गाईचं शेण मात्र संध्याकाळपर्यंत मातीत गेलेलं असायचं.

सरांनी लगेच कारण सांगितलं. संकरित गाईंना जंतांचं इंजेक्शन देतात, त्याचा अंश शेणात उतरतो, किडे मरतात. कारण अगदी बरोबर होतं. पण त्या गोठ्यामागं उभं राहिलं की एक चमत्कारिक शांतता जाणवायची, आणि ती इंजेक्शननं आलीय हे माहीत असूनही मला तिथून लवकर निघावंसं वाटायचं. शेतकऱ्याची आई काठी टेकत आली आणि त्या शेणाकडे बोट दाखवून म्हणाली, "याला माती घेत नाही."

आम्ही तिथलं दूध घातलेली कॉफी नको म्हणालो. सरसुद्धा.

*

रुक्कूचे मामा तिरुवैयारूला राहायचे. जमीन, तालमीचं अंग, झुपकेदार मिशा, आणि तंजावूरच्या मराठी फौजेत आपला पूर्वज होता याचा जाज्वल्य अभिमान. दिवाणखान्यात काचेचं कपाट. त्यात एक गंजकी कट्यार आणि कट्यारीशेजारी मखमलीवर ठेवलेला एक दगडी तोफगोळा. नारळ लावायला खड्डा घेताना मागच्या साली हाताभर खोल सापडला होता.

संध्याकाळी आम्ही कॉफी घेत बसलो होतो. मामा लढाई सांगत होते, तोफा कावेरीच्या पलीकडे पोचल्या होत्या, आणि कपाटातून आवाज आला. कर्र... कर्र... मामा थांबले. आवाजही थांबला. मामांनी पुन्हा सुरू केलं, तो पुन्हा आला. मामी हातातला तांब्या तिथंच ठेवून देवघरात गेल्या.

रुक्कू उठली, गोळा काढला, कानाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. मोठे शेणकिडे जमिनीखाली शेणाचा गोळा करतात, आत एक अंडं घालतात आणि बाहेरून माती लिंपतात. वाळला की दगडासारखा. पिल्लू आतच खातं, आतच वाढतं, आणि वर्षानं फोडून बाहेर येतं.

मामांना हे सांगायचं कुणी? सांगायची वेळच आली नाही. रुक्कूच्या हातातच गोळ्याला चीर गेली आणि आतून आधी शिंग आलं, मग काळं डोकं. तिनं गोळा मखमलीवर ठेवला, तसा किडा बाहेर येऊन उभा राहिला.

मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि सावकाश म्हणाले, "आमच्यातलाच हाय. उशीर झाला त्यास."

*

प्रत्येक जागी एक मग आम्ही बिनशेणाचा पुरायचो. त्यात काही पडू नये, हाच त्याचा उपयोग. बाकीच्या मगांत पडलेले किडे शेणासाठीच आले, हे त्यावरून ठरतं.

एका नारळीच्या बागेत हा रिकामा मग राखणदार म्हाताऱ्याच्या झोपडीमागं होता. म्हातारा चांगला टणक, आम्हाला रोज ताक द्यायचा. एका सकाळी पाहतो तर रिकामा मग काठोकाठ भरलेला, आणि शेणाचे मग ओस. सर आरोग्यमवर उखडले. मगांची अदलाबदल केलीस म्हणून त्याला नाही नाही ते बोलले. दुसऱ्या संध्याकाळी सरांनी स्वतः नवा मग पुरला. सकाळी पुन्हा तेच.

त्याच आठवड्यात म्हातारा खाटेवर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाला, पोटात फार दिवसांपासून काही तरी असणार. सरांनी आम्हाला समजावलं, आजारी माणसाच्या अंगाला वास येतो, आपल्याला कळत नाही, किड्यांना आधी कळतो. हेही बरोबर असेल. पण कारण कळल्यावर मला जास्तच भीती वाटायला लागली.

पुढच्या महिन्यात मी सहज म्हटलं, मगांचा नवा गठ्ठा आलाय, एखादा रिकामा मग आपण मुक्काम करतो त्या लॉजच्या मागं पुरून तपासू या का? आरोग्यमनं क्रूस हातात घेतला. रुक्कू म्हणाली, "नक्को." सरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, लॉजमागची जमीन फार कडक आहे.

*

आता रुक्कूचं. तिची फेलोशिप संपत आली होती. घरच्यांनी पीएचडीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, त्यापुढे नाही. एका कॉलेजात नोकरी मिळणार होती, तीही पदवी हातात आली तरच. आणि तिचा सगळा प्रबंध एका जागेवर उभा होता, गावाबाहेरच्या अय्यनारच्या राईवर. आजूबाजूला मैलोगणती भात, आणि मधेच हा जुन्या झाडांचा पुंजका, त्यात गावाच्या राखणदार देवाचे मातीचे मोठमोठे घोडे. जुनं रान म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

तिथला पुजारी कुंभार होता. घोडे त्याच्याच घराण्यानं घडवलेले. आम्ही त्याला तात्ता म्हणायचो, म्हणजे आजोबा. तिथली रीत कडक. राईतून काहीही बाहेर न्यायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा. त्यानं रुक्कूला घोड्याच्या पायावर हात ठेवायला लावला आणि वचन घेतलं, मोजायचं आणि तिथंच सोडायचं. तिनं दिलं, आणि दोन वर्षं पाळलं.

पण त्या राईत एक किडा सापडायचा, तांबूस हिरवा, सुपारीच्या खांडाएवढा, कपाळावर तोकडं शिंग. दुसरीकडे कुठंच नाही. बाहेरच्या तज्ज्ञानं कळवलं, फोटोवर नाव सांगता येत नाही, किडा पाठवा. सर म्हणाले, नाव नसेल तर प्रकरण नाही, आणि प्रकरण नसेल तर पदवी नाही.

रुक्कू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राईतून निघताना तिनं एक किडा रुमालात बांधला. जीपमध्ये ती सारखी रडत होती. मला तिचा राग आला नाही, तिच्या जागी मी कधीच नेला असता.

लॅबमध्ये तिनं तो औषधाच्या बाटलीत मारला आणि पिनवर लावला. किड्याला पिन टोचायची ती नेहमी पाठीच्या उजव्या कवचातून, जगभर हीच पद्धत. पेटी बंद करून डांबराच्या गोळ्या घातल्या. सकाळी पेटी उघडली तर पिन सरळ उभी, चिठ्ठी जागेवर, आणि किडा नाही.

सर म्हणाले, मुंग्या. आरोग्यम म्हणाला, पाल. रुक्कूनं भिंग घेऊन पेटीचा तळ पाहिला. मुंग्यांनी नेला तर पाय, शिंग, काही तरी उरतं. तिथं धूळसुद्धा नव्हती.

*

दुसरा आणायला त्याच संध्याकाळी आम्ही राईत गेलो. या वेळी सरही आले, रुक्कू पुन्हा कच खाईल म्हणून. जीप त्यांनी राईच्या कडेला सुरूच ठेवायला सांगितली होती. तात्ता तिथं नव्हता. उजेड अजून होता.

तिथं पुरलेला मग एकच होता. रुक्कू गुडघ्यांवर बसली, आत हात घातला आणि किडा तळहातावर घेतला. हिरवा, जिवंत, पाय हलवणारा. मग ती तशीच बसून राहिली. मी जवळ गेलो तर तिनं हात माझ्यापुढं केला आणि बोटानं दाखवलं. मी पाहिलं आणि एक पाऊल मागं सरलो.

सर मागून म्हणाले, "मिळाला का?"

"मिळाला, सर," रुक्कू म्हणाली. "पण याला आधीच पिन लावलेली हाय."

सर पुढं आले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्या तळहातावर वाकून फार वेळ पाहिलं. पाठीच्या उजव्या कवचाला एक बारीक, गोल, स्वच्छ भोक होतं. किडा सावकाश चालत तिच्या अंगठ्यापाशी आला.

"सोड," सर म्हणाले.

"प्रकरणाचं?"

"लिही, राईत दिसला. उचलला नाही. परीक्षकाला मी सांगीन."

रुक्कूनं हात जमिनीला टेकवला. किडा घोड्याच्या पायापाशी गेला, मातीत शिरला आणि माती वरून सारखी झाली. आरोग्यमनं जीप बंद केली. मी वळून पाहिलं, तर सर अनवाणी उभे होते, बूट हातात घेऊन. ते त्यांनी कधी काढले, मला दिसलं नाही.