कडुलिंबाचं पाणी

सात रस्ता चौकातल्या दवाखान्यात आम्ही दोघीच बसलो होतो, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. नवरा होटगीला, रेल्वेच्या कामावर. आमचा एकच गर्भ उरला होता, दवाखान्यात गोठवून ठेवलेला. आधीचा ठेवला तो रुजलाच नाही. म्हणून गर्भपिशवीच्या वाटेतल्या जंतूंची तपासणी केली होती. रिपोर्ट चांगला आला तर त्याच आठवड्यात हा ठेवायचा. जीव नुसता टांगणीला लागलेला. आत्या आमच्या गावापासून, कुंभारीपासून देवाचं नाव घेत होत्या, आणि मधेच 'पाणी पी की गं' म्हणून माझं डोकं खात होत्या.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. "आत्ता नको ठेवायला. आत चांगले जंतू जवळजवळ नाहीतच. दह्यात असतात ना, तसले. ते कमी झाले की वाईट माजतात, गर्भ रुजायला अडचण येऊ शकते. आतून काही लावता, धुता का?"

माझ्याआधी आत्याच ऐटीत बोलल्या, "व्हय की! कडुलिंब उकळून, तुरटी टाकून धुवायला देतीय मी. लगीन झाल्यापास्नं. लई साफ ठेवलंय पोरीला."

"तेच बंद करा. बाहेरून साधं पाणी बास. आतली जागा आपली आपण स्वच्छ राहते."

बाई गं, माझं डोकं असं सणकलं! सहा वर्षं ओठ चावत, आग सोसत ते पाणी घेतलं होतं मी. वर मूल होत नाही म्हणून बायकांची कुजबुज ऐकली ती वेगळीच. "ऐकलं का आत्या?" म्हणत मी त्यांच्याकडं वळले. दवाखाना डोक्यावर घ्यायचाच, असं ठरवलं होतं.

आत्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. "बाई," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "माझ्या पोराच्या पाठीवर माझीबी दोन पोटातनं पडली. मीबी हेच पाणी घ्यायची. त्यानंच गेली का वं ती?"

दोन? मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पोराला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

"आता ते सांगता येणार नाही, मावशी," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हिचंसुद्धा तेवढंच कारण असेल, असं मी म्हणत नाही. औषध देते. मग परत तपासू."

"माझी गेली ती गेली," आत्या म्हणाल्या. "हिचं एवढं एक ऱ्हाऊ द्या. तुमी म्हणशीला तसं करतो आमी."

मला रडूच फुटलं. राग गेला नव्हता, अजिबात नाही. पण भांडायचं कुणाशी, तेच कळेना.