उस्तादांचे बूट आणि चिंचोक्याची खळ

निघताना उस्तादांनी बूट माझ्या हाती दिले आणि दोनच गोष्टी बजावल्या. उन्हात वाळवायचे नाहीत, डिंक सुटतो. आणि बिघडवून आणलेस तर माझ्या पाणबुड्यांच्या टोळीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. स्पंजासारख्या जाड रबराचे, घोट्यापर्यंत येणारे ते पाणबुड्याचे बूट त्यांना एका परदेशी खलाशाने दिले होते. मुंबईच्या गोदीत तसा दुसरा जोड नव्हता. आमच्या पायांचं माप एकच, म्हणून ते माझ्याबरोबर औरंगाबादला आले.

लासूर स्टेशन मागे पडलं तरी खिडकीतून पाण्याचा थेंब दिसेना. अशा मुलखात पाणबुड्याला बोलावतात याचं मलाच हसू येत होतं. पण शहराबाहेर नवे कारखाने उभे राहत होते, त्यांचं पाणी पैठणच्या जलाशयातून यायचं, आणि पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावरची जाळी गाळाने तुंबली होती. काम दोन दिवसांचं होतं.

पहिल्या दिवशी अर्धी जाळी मोकळी केली. गाळ, मेलेले मासे आणि माझा घाम, सगळं बुटांत मुरलं. परतताना जीपवाल्याने नाक दाबलं.

"क्या मर गया इसमें, भाई? पीछे बांधो, पीछे!"

मुक्काम क्रांती चौकाच्या मागे, सखूमावशींच्या भाड्याच्या खोलीत. मावशी मूळच्या वैजापूरकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मुलगा कारखान्यात लागला तेव्हा मेंढरं विकून शहरात आल्या. मी बूट उंबऱ्याबाहेर ठेवले तरी त्या आतून ओरडल्या, "भाऊ, काय आणलंय हे? लई घाण येतीय!"

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. दुकानं बंद, जीप नाही. समोरच्या भिंतीवर नामांतर झालंच पाहिजे असं लिहिलेलं, आणि त्याच्याच खाली, त्याच चुन्यात, होऊ देणार नाही असं. मावशींचा मुलगा कामावर न जाता दारात बसून होता. तो या बाजूचा की त्या, मी विचारलं नाही. माझं लक्ष बुटांत होतं. साधा साबण मिळेना.

"साबण कशाला पाहिजे?" मावशी म्हणाल्या. "मेंढीच्या लोकरीपरीस वास आहे का ह्याला?"

त्यांनी रिठे भिजवले, बूट आतून बाहेर उलटे केले आणि फेस काढून काढून तीनदा धुतले. मग माळ्यावरून कच्च्या लोकरीचं गाठोडं काढून ती बुटांत ठासून भरली. लोकर ओल ओढते म्हणे. बूट सावलीत, वाऱ्याला ठेवले. संध्याकाळी मी नाक खुपसून पाहिलं, वास गेला होता. मी निर्धास्त झोपलो.

सकाळी पाहतो तर बूट लाकडासारखे ताठ. पाय आत जाईना. मावशी पहाटेच उठून कामाला लागल्या होत्या आणि हातात खरखरीत केसांचा कुंचा घेऊन कौतुकाने उभ्या होत्या.

"खळ दिली चिंचोक्याची, ह्या कुंच्यानं. घोंगडी धुतली की खळ द्यावीच लागती, नायतर ती अंग धरत नाय. किती वर्सांनी शिजवली!"

उस्ताद, टोळी, सगळं डोळ्यांपुढे आलं. चिडलो होतो, पण समोर त्यांचा तो कौतुकाचा चेहरा होता. बूट काखेत मारून तसाच निघालो.

जलाशयाच्या काठावर मी बूट पाण्यात धरून बसलो. काम पाहणारा साहेब घड्याळ दाखवत होता. अर्ध्या तासाने रबर मऊ पडलं, पाय आत गेला. खाली उतरलो तर पायांभोवती उरलीसुरली खळ पेजेसारखी सुटून जात होती. जाळी दुपारपर्यंत मोकळी झाली.

परत आल्यावर मावशींनी पहिलं तेच विचारलं, "टिकली का खळ?"

खोटं बोलणार होतो, जमलं नाही. "पाण्यात गेली, मावशी."

"मंग, जाणारच की!" त्या हसल्या. "दर खेपंला नवी द्यावी लागती. पुढल्या खेपंला आणा, आजून घट्ट देते."

"आणतो," मी म्हणालो.

मुंबईत उस्तादांनी बूट हुंगले, पाय घालून पाहिला, डिंक तपासला आणि पुढच्या कामाचा दिवस सांगितला. बस्स, एवढंच. माझी जागा राहिली.

औरंगाबादला मात्र पुन्हा जाणं झालं नाही. माझे कामाचे बूट मी आजही रिठ्याने धुतो, सावलीत वाळवतो, खळ तेवढी देत नाही. तिथे दिलेला शब्द सहज दिला होता आणि तो मोडल्याचं मला वाईट वाटतं. कारण निघताना मी पाहिलं होतं. मावशींनी लोकरीचं गाठोडं माळ्यावर परत टाकलं, पण कुंचा खालीच, दाराशी ठेवला होता.