अर्जेंटिनाची वसुली, आपला अंदाज

नवऱ्याची बँकेची नोकरी, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. लखनौला आलो तेव्हाच मी ह्यांना बजावलं, "पुढच्या बदलीला तुम्ही एकटे जा. माझ्याच्याने आता पुन्हा खोकी बांधणं होणार नाही." पण इथे राहायचं तर पक्की नोकरी हवी. निशातगंजजवळच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवत होते, तेही कंत्राटावर. पीएचडी झाली की कायम करू, असं प्राचार्य म्हणाले. म्हणून पन्नाशीला आलेली मी, भारत आणि अर्जेंटिना या दोन सरकारांना वर्षानुवर्षं निर्यात करातून किती पैसा मिळाला, याची तुलना करत बसले. हौस कसली डोंबलाची!

विषय मार्गदर्शक सरांचा. अर्जेंटिनाचं सरकार सोयाबीन बाहेर पाठवणाऱ्यांकडून भरपूर कर घेतं. आपल्याकडे त्यामानाने हा कर म्हणजे चिल्लर. माझा निष्कर्ष असा, की आपली वसुली थोडी पण स्थिर, त्यांची मोठी पण सारखी वरखाली. चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यावर हे सगळं उभं होतं, आणि सर त्या तक्त्यावर भलतेच खूश होते.

प्रबंध जमा करायला आठ दिवस उरले होते. वृंदावन योजनेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलर घरघरत होता, आणि तक्त्याखालची टीप तपासता तपासता मला माझीच चूक सापडली. आपलं बजेट येतं फेब्रुवारीत. तेव्हा वर्ष संपलेलं नसतं, म्हणून चालू वर्षापुढे नुसता 'सुधारित अंदाज' छापतात. खरी वसुली कळते ती पुढच्या वर्षीच्या बजेटात. आणि मी बावळटासारखी दर वर्षासाठी त्याच वर्षीचं बजेट उघडून अंदाज उतरवत गेले होते. अर्जेंटिनाचे आकडे मात्र खऱ्या वसुलीचे. म्हणजे त्यांना मिळाले किती आणि आपल्याला मिळतील असं वाटलं किती, याची तुलना! चार वर्षं मी हे करत होते.

दोन दिवस खपून खरे आकडे भरले. आपलीही वसुली दणकून वरखाली होत होती. स्थिर होते ते अंदाज. निष्कर्षच ढासळला.

सरांकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला, अगदी शांतपणे सगळं ऐकलं, मग म्हणाले, "मैडम, पूरा चैप्टर दोबारा लिखेंगी? तारीख आगे नहीं बढ़ेगी. रहने दीजिए, इतना कौन देखता है?"

त्याच संध्याकाळी ह्यांची गुवाहाटीला बदली झाल्याचं कळलं. मी मुलीला सगळं सांगितलं. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. "मम्मा, छोड़ो ना यार. सबमिट कर दो." तिला कशाला बोल लावू? मला तेच ऐकायचं होतं. मी इतकी दमले होते, की लाज वाटायलाही अंगात त्राण नव्हतं. जुन्याच तक्त्यासकट प्रबंध दिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्क प्राध्यापिका आल्या होत्या. नेमका तोच तक्ता त्यांनी उघडला. "बहुत मेहनत की है आपने. मैं यह अपने छात्रों को पढ़ाऊँ तो आपको आपत्ति तो नहीं?"

सरांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. मी म्हटलं, "जी नहीं, ज़रूर पढ़ाइए."

मी कायम झाले. हे एकटेच गुवाहाटीला गेले, एक सूटकेस आणि कुकर घेऊन. मला एकही खोकं बांधावं लागलं नाही.

गेल्या महिन्यात त्या प्राध्यापिकेचा फोन आला. मुलं विचारतात म्हणाल्या, जगभर भाव एवढे वरखाली होत असताना भारताची वसुली इतकी स्थिर राहिली कशी?

मी त्यांना अर्धा तास कारणं सांगितली.